बाबासाहेबांच्या खात्यातली वीज

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. भारनियमनाच्या त्या वर्षांत, म्हणजे २००५ पासून पुढे पाच-सहा वर्षे, संध्याकाळी गोलाईत पाऊल टाकले की आधी कानठळ्या बसत आणि मग डिझेलचा धूर नाकात जाई. सराफाच्या दुकानापुढे एक जनरेटर, कापडवाल्यापुढे एक, भांडेवाल्यापुढे एक. ज्याला परवडेल त्याचे मोठे, ज्याला परवडणार नाही त्याची बॅटरी, नाहीतर मेणबत्ती. गंमत अशी की एका दुकानाचे जनरेटर निम्म्या ताकदीवर उगाच धडधडत असे आणि शेजारच्या दुकानाचे मात्र दोन पंखे जास्त लागले की धाप लागून बंद पडे. मध्ये फक्त एक भिंत. पण त्या भिंतीतून तार ओढून दोन्ही यंत्रे एकत्र चालवावीत, असे कोणी करीत नसे. आणि करायला गेले तरी ते वाटते तितके सोपे नव्हते. का नव्हते, ते पुढे येईलच.

१९४३ साली सबंध हिंदुस्थान ही अशीच एक गंजगोलाई होती. शहराचे पॉवर हाऊस वेगळे, गिरणीचे वेगळे, रेल्वेचे वेगळे, संस्थानिकांचे वेगळे. मुंबईजवळ टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रे १९१५ ते १९२७ या काळात उभी राहिली होती. अशी काही बेटे सोडली, तर बाकी देश कंदिलावर होता. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांची क्षमता मिळून सुमारे १,३६२ मेगावॅट होती. आज एकट्या कोयनेची क्षमता त्याहून जास्त आहे! वीज पोचलेली खेडी त्या वेळी दीड हजारांच्या घरात होती.

या विखुरलेल्या यंत्रांना एका सूत्रात ओवण्याचा विचार ज्या खात्यात झाला, त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

महाडचे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. काळारामाच्या दाराशी उभे राहिलेले, घटना लिहिणारे, नागपूरला दीक्षा घेणारे बाबासाहेब शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. मराठवाड्याला तर त्यांच्या नावाची ओळख फार कडू मार्गाने पटली. विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि त्यानंतर जे पेटले त्यात नांदेड जिल्ह्याने मोठी किंमत मोजली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला तो त्याच ऑगस्टात. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षे ज्या नावासाठी आणि ज्या नावाविरुद्ध माणसे रस्त्यावर होती, त्या नावाच्या माणसाचा आपल्या घरातल्या बटणाशी काही संबंध आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना फारसे कोणी सांगितले नाही.

परळची खोली

महूला १४ एप्रिल १८९१ रोजी जन्म. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. पुढे सातारा, आणि मग मुंबई. परळच्या चाळीतल्या ज्या एका खोलीत हे कुटुंब राहिले, तिचे वर्णन चरित्रकारांनी करून ठेवले आहे. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तिथेच सरपण, तिथेच जाते आणि पायथ्याशी बांधलेली शेळी. इतक्या गर्दीत मुलाने अभ्यास करायचा कधी? तर मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे आणि रात्री दोनच्या सुमाराला उठवायचे, अशी युक्ती सुभेदारांनी काढली. चाळ गाढ झोपलेली असे आणि घासलेटच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात भीमराव वाचीत बसे. आपल्यापैकी पन्नाशी-साठी उलटलेल्या बहुतेकांनी कंदिलाखाली अभ्यास केलेला आहे. वाकून वाकून मान कशी भरून येते आणि सकाळी नाकपुड्यांत काजळी कशी जमते, हे त्यांना सांगायला नको.

१९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर हा मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. तो तिकडे असतानाच, फेब्रुवारी १९१५ मध्ये, खोपोलीची वीज घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांत आली. कोळशाच्या धुराड्यांचे मुंबई शहर पाण्याच्या विजेवर चालू लागले. बाबासाहेब परत आले ते अर्थशास्त्रज्ञ होऊन, आणि त्यांची एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक प्रबंध लिहिला. त्या काळी सगळे विद्वान तुकडे जोडा, एकत्र करा, म्हणून सांगत होते. बाबासाहेबांचे म्हणणे निराळे होते. खरा रोग तुकड्याच्या आकारात नाही. जमिनीवर पोट भरणारी माणसे फार झाली आहेत आणि त्यांना दुसरे काम नाही, हा रोग आहे. कारखाने निघाले आणि माणसे तिकडे गेली, तर शेतीवरचा भार आपोआप हलका होईल. २७ वर्षांच्या माणसाने मांडलेला हा हिशेब. पंचवीस वर्षांनी विजेची फाइल टेबलावर आली, तेव्हा हाच हिशेब पुन्हा वर आला.

मधल्या काळात फार काही घडले, ते इथे सांगत बसत नाही. एवढीच नोंद करतो की गोलमेज परिषदांसाठी बाबासाहेब १९३० ते १९३२ दरम्यान लंडनला जात-येत होते, तेव्हा इंग्लंडात एक प्रचंड काम चालू होते. १९२६ च्या कायद्याने तिथे मध्यवर्ती वीज मंडळ स्थापन झाले होते आणि गावोगावची शेकडो वीजघरे एका उच्च दाबाच्या जाळ्यात जोडण्यासाठी शिवाराशिवारांतून लोखंडी मनोरे उभे राहत होते. हिंदुस्थानात पुढे ज्या योजना आल्या, त्यांच्या डोळ्यापुढे हे जाळे होते.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री. या खात्याच्या नावावर जाऊ नये. कामगारांबरोबर त्यात खाणी होत्या, सार्वजनिक बांधकाम होते, पाटबंधारे होते आणि वीज होती. पाणी आणि वीज एकाच खात्यात, एकाच माणसाच्या टेबलावर. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण लातूर-नांदेडच्या माणसाला पुढे त्याची आठवण यावी असे प्रसंग आले.

महायुद्ध चालू होते. तरी युद्धानंतर देश कसा उभा करायचा याच्या समित्या दिल्लीत बसत होत्या. त्यांतली सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांची धोरण समिती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली होती. २५ ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीत त्यांनी जे भाषण केले ते आजही वाचावे. त्यात घोषणा नाहीत, प्रश्न आहेत. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? ती प्रांतांनी सांभाळावी की मध्यवर्ती सरकारने? स्वस्तात स्वस्त आणि मुबलक वीज कोणत्या व्यवस्थेतून मिळेल? आणि मग त्यांनी समितीला हे सगळे कशासाठी चालले आहे, याची आठवण करून दिली. कारखानदारी वाढवायची ती शोभेसाठी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्याच्या चक्रात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचे म्हणून. तसे करायचे तर वीज हवी, ती भरपूर हवी आणि गरिबाला परवडेल अशी हवी. १९१८ चा प्रबंध आणि १९४३ चे भाषण एकामागून एक वाचले, की मधली पंचवीस वर्षे गळून पडतात.

वीज एकत्र जोडली की स्वस्त का होते, हे समजायला अभियंता व्हावे लागत नाही. आपल्याकडे खेड्यात लग्न निघाले की काय करीत? पंगतीची भांडी, गाद्या, सतरंज्या भावकीतून गोळा करीत. प्रत्येक घराने पाचशे पाहुण्यांपुरती भांडी स्वतंत्र घेऊन ठेवायची म्हटले, तर सगळे गाव कर्जबाजारी होईल आणि भांडी वर्षभर माळ्यावर धूळ खात पडतील. सगळ्यांची लग्ने एकाच दिवशी नसतात, म्हणून थोड्या भांड्यांत गावाचे भागते. विजेचेही तेच. गिरणीला दिवसा वीज लागते, घराला संध्याकाळी, मोटारपंपाला कधीही. प्रत्येक शहराने एक यंत्र बिघडले तर दुसरे असावे म्हणून जास्तीचे यंत्र बाळगायचे, त्यापेक्षा दहा शहरे जोडली तर दोन-तीन जास्तीच्या यंत्रांत काम होते.

मंगल कार्यालयातला गव्हर्नर

मग गोलाईतल्या शेजाऱ्यांनी जनरेटर का जोडले नाहीत? याचे उत्तर मला नांदेडला एका लग्नात मिळाले.

भारनियमनाचेच दिवस. मुहूर्त संध्याकाळचा, गोरज. कार्यालयाच्या मालकाने मोठ्या हौसेने दोन जनरेटर एकत्र जोडून घेतले होते. अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली, तोच दिवे एकदम प्रखर झाले, फडफडले आणि गेले. भटजी अंधारातच पुढे म्हणत राहिले, ते एक बरे झाले. बाहेर येऊन पाहतो तर मिस्त्री कपाळाला हात लावून बसलेले. एका यंत्राने सगळा भार स्वतःवर ओढून घेतला होता. तो पेलेना म्हणून ते बंद पडले. मग तोच सगळा भार दुसऱ्यावर कोसळला, तेही बंद पडले.

मिस्त्रींनी नंतर सावकाश समजावून सांगितले. गव्हर्नरमध्ये गडबड होती. गव्हर्नर म्हणजे मलबार हिलवरचे नव्हेत! इंजिनाची गती सांभाळणारा, तेल कमी-जास्त सोडणारा एक भाग असतो, त्याचे हे नाव. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या यंत्रावर दोन गरगर फिरणारे गोळे बसवले, तेव्हापासूनची ही जात. एकटे जनरेटर असेल तर गव्हर्नरने गती मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर ठाम धरून ठेवली तरी चालते. विजेचे सेकंदाला ५० आवर्तनांचे गणित त्यातून जमते. पण दोन यंत्रे एका तारेवर आली आणि दोघांनीही तोच हट्ट धरला की भांडण लागते. एकाची १,५०० आणि दुसऱ्याची १,५०० यांत केसाएवढा फरक असणारच. ज्याची गती कणभर वर, ते सगळे ओझे उचलते. दुसरे नुसते फिरते, उलट पहिल्याच्याच जिवावर फिरते.

यावर उपाय असा, की दोघांनाही थोडे नमायला शिकवायचे. भार नसताना यंत्र १,५६० फेऱ्यांवर धावू द्यायचे आणि भार चढत जाईल तसतशी गती उतरत जाऊन पूर्ण भाराला १,५०० वर यावी, अशी खूण बांधायची. मिस्त्री मंडळी याला ड्रूप म्हणतात. दोन्ही यंत्रांना सारखाच ड्रूप दिला, की भार वाढल्याबरोबर दोघांची गती एकदमच उतरते, कारण तार एकच आहे, आणि जेवढी गती उतरली त्या मानाने प्रत्येक यंत्र आपापल्या ताकदीप्रमाणे तेल वाढवते. मोठे यंत्र दोन वाटे उचलते, लहान एक. कोणी कोणाला निरोप पाठवीत नाही. हिशेब लिहायला कारकूनही लागत नाही.

शेतकऱ्याला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. काळ्या रानातला कुंदा आणि हरळी काढायला मोठा लोखंडी नांगर धरीत, तेव्हा त्याला तीन-चार बैलजोड्या एका साखळीला जुंपीत. साखळी एक म्हणून चाल एक. फाळ घट्ट जमिनीत रुतला की सगळ्यांचीच चाल जरा मंदावते, ओढ मानेला जाणवते आणि जो तो बैल आपल्या बेताने खांदा लावतो. त्यात एखादा तापट बैल असला आणि तो आपली चाल सोडीना, तर सगळे ओझे त्याच्याच मानेवर येते. तास पुरा व्हायच्या आत तो बसतो.

नांदेडचे दोन जनरेटर असोत की देशाची शेकडो वीजकेंद्रे असोत, पहिला नियम हाच. दुसऱ्या पायरीवर कोणी तरी जाणता लागतो, जो उतरलेली गती हळूहळू पुन्हा ५० आवर्तनांवर आणील. आणि तिसऱ्या पायरीवर ठरवायचे असते की आज कोणते केंद्र किती चालवायचे, कोणाची वीज स्वस्त, कोणाला विश्रांती. पहिले काम क्षणार्धात व्हावे लागते, ते यंत्राचे. दुसरे आणि तिसरे काम हळूहळू, विचार करून करायचे, ते माणसाचे आणि संस्थांचे.

दामोदरचे खोरे

बाबासाहेबांच्या खात्याने नेमके हे वरच्या पायऱ्यांचे काम हाती घेतले. १९४४ च्या अखेरीस केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले: देशातल्या विजेची पाहणी करायची, कुठे किती लागेल आणि कोणते स्रोत कोणाशी जोडता येतील याचे आराखडे करायचे. एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांचा केंद्रीय आयोग आला. त्याचे प्रमुख ए. एन. खोसला. दोन्हींचे वंशज आजही कामावर आहेत, केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग या नावांनी.

या विचाराची पहिली मोठी परीक्षा दामोदर नदीच्या खोऱ्यात झाली. १९४३ च्या पुराने बंगालात हाहाकार केला होता. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेवर काम केलेले अभियंते डब्ल्यू. एल. व्हूर्डुइन यांना बोलावण्यात आले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आराखडा दिला. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलाशी बसवण्याचे किचकट काम बाबासाहेबांनी कलकत्त्याच्या परिषदांत केले. त्यांचा आग्रह असा, की धरण बांधायचे ते केवळ पूर अडवायला नको. त्याच पाण्यावर शेती भिजावी, त्याच पाण्यावर वीज व्हावी. आणि पाण्याच्या विजेला कोळशाच्या विजेची जोड असावी. यामागे चांगले कारण आहे. पाण्याचे यंत्र चपळ. झडप उघडली की मिनिटा-दोन मिनिटांत भार उचलते. कोळशाचा बॉयलर जड. तापायला तासन्‌तास घेतो, पण एकदा तापला की रात्रंदिवस राबतो. एकाने रोजचे ओझे वाहायचे, दुसऱ्याने संध्याकाळच्या गर्दीला धावून यायचे. दामोदर खोऱ्यात पुढे तिलैयाचे जलविद्युत केंद्र आणि बोकारोचे औष्णिक केंद्र उभे राहिले ते याच जोडीने. आपल्याकडे हेच काम कोयना करते. परळीने आणि चंद्रपूरने दिवसभर ओढायचे आणि दिवेलागणीला कोयनेची यंत्रे मदतीला यायची.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. जयंतीच्या भाषणांत हल्ली कधी कधी असे ऐकू येते की देशाची सगळी धरणे आणि सगळी वीज एकट्या बाबासाहेबांनी दिली. त्यांना अशा वकिलीची गरज नाही. खात्यात जाणते विद्युत आयुक्त होते, अभियंते होते, मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ बाहेरून दडपण आणीत होते, आणि १९४८ चा वीज पुरवठा कायदा संमत झाला तेव्हा ते खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते. बाबासाहेबांचे श्रेय वेगळे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. अभियंत्यांच्या टिपणीतला प्रश्न त्यांनी गरिबाच्या घरापर्यंत आणून सोडला आणि प्रांताप्रांतांतली ओढाताण बाजूला ठेवून खोरे हे एकक धरायला लावले. याच सुमाराला, १९४६ च्या दुरुस्तीने, कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे कामही त्यांच्याच खात्यातून झाले. यंत्रांचा भार आणि माणसांचा भार, दोन्हींचे कागद एकाच टेबलावर होते.

घटना लिहिताना वीज समवर्ती सूचीत ठेवली गेली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही तिच्यावर अधिकार. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी वेगळे कलम आले. १९४२ ते १९४६ मध्ये जे प्रश्न समितीत विचारले होते, त्यांतल्या काहींची उत्तरे अशी घटनेत उतरली.

निजामाच्या मुलखात

हे सगळे दिल्लीत चालले होते तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर हा तर जिल्हाही नव्हता. तो झाला १९८२ मध्ये. बाबासाहेबांना हा मुलूख परका नव्हता. १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, पुढे त्याचे मिलिंद झाले, आणि नांदेड, उदगीर, अहमदपूर भागांतली कितीतरी पोरे तिथे शिकली. भाषावार राज्यांवर १९५५ मध्ये लिहिताना त्यांनी मराठवाड्याची जी स्थिती मांडली ती वाचताना आजही वाईट वाटते. दोनशे वर्षे निजामाने या भागाकडे पाहिलेच नाही, कालव्याचा एक मैलही इथे नाही, तालुक्याच्या गावी धड हायस्कूल नाही, असे त्यांनी नोंदवले. मराठवाडा मोठ्या राज्यात मागेच राहील, ही त्यांची काळजी होती. म्हणून मराठी मुलखाची एकाऐवजी चार राज्ये करावीत आणि मराठवाडा मध्य महाराष्ट्रात असावा, असे त्यांनी सुचवले. ही सूचना त्या वेळी कोणाला रुचली नाही. आजही अनेकांना रुचणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर अवघ्या ३५ दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेब गेले.

पुढची कथा आपल्या डोळ्यादेखत घडली. २० जून १९६० ला १९४८ च्याच कायद्याखाली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, आपली एमएसईबी. १९७१ मध्ये परळी वैजनाथला औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. तारा जोडत गेल्या. जिल्हा जिल्ह्याला, राज्य राज्याला. पण जाळे नुसते जोडून भागत नाही हेही दिसले. १९९० च्या दशकात आवर्तने ५० वरून ४८ पर्यंत घसरत, कारण जो तो आपल्या वाट्याहून जास्त ओढी. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवा नियम आला: गती उतरलेली असताना कोणी जास्तीची वीज ओढली तर त्याला महाग पडेल. घसरण आवरली. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत जे घडले ते आठवत असेल. बिना ते ग्वाल्हेर ही एक वाहिनी सुटली, तिचा भार दुसऱ्यांवर कोसळला आणि नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात जे झाले तेच साठ कोटींहून अधिक लोकांच्या डोक्यावर झाले. पश्चिम विभाग वेळीच सुटा झाला, म्हणून आपले दिवे राहिले. ३१ डिसेंबर २०१३ ला आपल्या शेजारच्या सोलापुरातून रायचूरला तार जोडली गेली आणि सगळा देश एका आवर्तनावर चालू लागला.

यंत्रांची वाटणी अशी सुधारत गेली. माणसांची? २००५ नंतरचे भारनियमन आठवा. कोणत्या फीडरला किती तास अंधार, हे तिथली गळती आणि वसुली पाहून ठरे. हिशेबाला ते चुकीचे नव्हते. पण एका फीडरवर शंभर घरांनी बिल भरलेले आणि चाळीसांनी बुडवलेले असले, तरी अंधार एकशे चाळीस घरांना. खेड्यात बारा-बारा तास वीज नसे आणि दहावीचे पोर पुन्हा घासलेटच्या दिव्याखाली बसे.

आता वारे पुन्हा लहान वीजघरांकडे वळते आहे, पण वेगळ्या रीतीने. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ पासून सौर पॅनेलांचे गावापुरते जाळे चालले. आपल्याकडे २०१७ पासून कृषी फीडर सौर विजेवर नेण्याची योजना चालू आहे. सौर पॅनेल फिरत नाही. त्याला ना चाक ना गव्हर्नर. मग त्याला भार वाटून घ्यायला शिकवायचे कसे? इन्व्हर्टरच्या आज्ञावलीत तोच जुना ड्रूप गणित म्हणून लिहितात. भार वाढला की आवर्तन जाणूनबुजून थोडे उतरवायचे, म्हणजे शेजारचा इन्व्हर्टर, बॅटरी आणि डिझेल जनरेटर आपापला वाटा उचलतात. लातूरच्या डाळ मिलवाल्याने छपरावर पॅनेल आणि अंगणात जनरेटर ठेवले, तर दोघांचे जुळवायला हीच युक्ती.

आणि आता त्या एकाच टेबलावरच्या पाणी-विजेच्या योगायोगाकडे येतो. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. लातूरकर घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होते; पण घरात पंखा फिरत होता, मोबाइल चार्ज होत होता. परळी थंड पडली तरी चंद्रपूरचा, कोराडीचा आणि राज्याबाहेरचा भार तारांवरून इकडे येत होता, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. विजेचे जाळे झाले होते. पाण्याचे झाले नव्हते.

पाणी आणायला रेल्वे लागली. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ ला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती दोन दिवसांवर आली होती.